सरळ गोव्याला जा

इंटरनेटवर मी आयुष्यात पहिल्यांदा जे लिहिलं, त्यात मी चोरांना रीतसर आमंत्रण दिलं होतं.

त्या सुट्टीत आम्ही केरळला निघालो होतो. ऑफिसातल्या एका साहेबांनी सल्ला दिला, “हल्ली टूरवाल्यांच्या नादी लागायचं नाही. सायबर कॅफेत जायचं, फिरणाऱ्या लोकांच्या साइटवर प्रश्न टाकायचा. जाऊन आलेली माणसं फुकटात सगळं सांगतात.” फुकट म्हटल्यावर मी त्याच संध्याकाळी कॅफेत. मी पाटबंधारे खात्यातला कारकून. लिहायचं म्हणजे अर्ज लिहायचा, एवढंच मला ठाऊक. तेव्हा इंग्रजी अक्षरांत मराठी टंकून मी अर्जच लिहिला: संपूर्ण नाव, संपूर्ण पत्ता, फोन नंबर, कुटुंबातील व्यक्तींची नावे व वये. आम्ही सर्वजण शनिवारी गाडीने निघत असून पुढच्या रविवारपर्यंत घर बंद राहील, तरी मुन्नार येथे स्वेटर लागतो किंवा कसे, हे कळवण्याची कृपा व्हावी.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलेलं होतं. तेही इंग्रजी अक्षरांत मराठीच.

“मुन्नारला थंडी असते. स्वेटर न्या. घराची किल्ली कुठल्या कुंडीखाली ठेवणार तेही लिहा, म्हणजे येणाऱ्याला कडी तोडायचा त्रास नको.”

खाली नाव होतं, हातखंबा.

कॅफेवाला पडद्याआड तोंड घालून हसत होता. हा हातखंबा कोण ते मला कळेना. संध्याकाळी वाडीत शिरलो, तर पाखाडीच्या वरच्या पायरीशी खुर्ची टाकून बसलेले आबा शिवलकर माझ्याकडे न बघताच म्हणाले, “काय पाटबंधारे, उतरवलेत काय स्वेटर माळ्यावरनं?”

आबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी प्रयत्न करतो, पण खरं सांगायचं तर मला हा माणूस आवडत नव्हता. वाडीत कुणालाच आवडत नव्हता. आणि आवडावं असं त्यांनी कधी काही केल्याचं मला तरी आठवत नाही.

रत्नागिरी शहरापासून खाडीच्या पलीकडे आमची वाडी. वर मातीचा रस्ता, तिथून चिऱ्याच्या पायऱ्यांची पाखाडी खाली उतरते, ती थेट पुळणीवर, वाळूतच जाऊन संपते. पाखाडीच्या एका अंगाला आबांचं घर, दुसऱ्या अंगाला त्यांच्या चुलतभावाचं, दत्तारामचं. आमचं घर जरा मागे, पण आबांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायचा. पाखाडी दोघांची सामाईक. कोकणात सामाईक म्हणजे जिच्यावरून दोन्ही घरं पिढ्यान् पिढ्या भांडू शकतात अशी वस्तू.

आबा सगळं आयुष्य बोटीवर होते. साहेबांच्या टेबलावर वाढणारा मुख्य माणूस. पांढरा कोट, पांढरे हातमोजे, आणि तोंडभर हसू. ते म्हणायचे, “बोटीवर हसायचा पगार मिळायचा. रिटायर झालो, तेव्हा हसू कंपनीला परत केलं.” आणि खरंच, मी त्यांना हसताना कधी पाहिलं नाही. कडक इस्त्रीची खाकी हाफपँट, आत खोचलेला गंजीफ्रॉक, हातात काठी. ती टेकायला नसायची, दाखवायला असायची. बिनदुधाचा चहा झाकणाच्या पेल्यातून प्यायचे, आणि समोर कोण आहे ते बघून झाकण आणखी घट्ट लावायचे. घरी कुणी गेलं तर “या” नाही, “बसा” नाही. “काम काय?” पोरांचा फुटबॉल अंगणात गेला तर परत मिळायचा, पण हवा काढलेला. आमची मंगल म्हणायची, “हा माणूस देवळातसुद्धा देवाला काम काय विचारत असेल.”

रेल्वे आली आणि रत्नागिरीत बाहेरची माणसं लोटायला लागली. आधी गणपतीची आणि आंब्याची गर्दी, मग नुसतीच समुद्राची. नेमकं त्याच सुमाराला शहरात सायबर कॅफे निघालं. वाडीतले आम्ही सगळे त्या यंत्राला बिचकून होतो. आबांना इंग्रजी येत होतं आणि रिकामा वेळ होता. दर दोन दिवसांनी एस.टी.ने शहरात जायचे. खिशातून स्वतःचं फडकं काढून कळफलक पुसायचे, मग दोन बोटांनी, ठोका मारल्यासारखे, टंकायला बसायचे. आम्हाला वाटायचं, जुन्या बोटीवरच्या दोस्तांना पत्रं लिहीत असतील.

दोस्त कुठले! जगातले जेवढे लोक रत्नागिरीला यायचा विचार करत होते, त्या सगळ्यांना हा गृहस्थ येऊ नका म्हणून सांगत होता.

मी एकदा विचारलं, “आबा, हातखंबा हे नाव कशाला घेतलंत?”

“हायवेवरनं येणारा हातखंब्याला थांबतो. वळला तर रत्नागिरी, नाही वळला तर गोवा. मी तिथं उभा आहे. सांगतो, सरळ जा.”

मुन्नारच्या निमित्ताने त्या साइटची मला चटक लागली होती. मग मी आबांची जुनी उत्तरं काढून वाचायला लागलो. पुण्याच्या कुणी विचारलं होतं, जूनच्या शेवटी आलो तर हापूस मिळेल का? आबांचं उत्तर, “मिळेल. कोय.” लग्न ठरलेल्या एका मुलाने विचारलं, रत्नागिरीत शांत, एकांताची जागा कुठली? “तुरुंगाच्या भिंतीलगत. पुढे सोय होईल.” बंगलोरच्या एका बाईंनी कौतुकाने लिहिलं होतं, कोकणातली माणसं फार प्रेमळ असतात असं ऐकलंय. “ऐकीव माहितीवर प्रवास करू नये.” आणि जवळजवळ प्रत्येक उत्तराच्या शेवटी तेच, सरळ गोव्याला जा.

गंमत म्हणजे तिथे विचारणारे थांबत नव्हते. एक जण चिडायचा, दुसरा त्याची समजूत घालायचा, तिसरा म्हणायचा, “हातखंबाजी, तुमचा स्वभाव तिखट आहे, पण एवढं सांगा, राजापूरहून रात्रीची गाडी आहे का?” आणि आबा गाडी सांगायचे. बरेचदा ती गाडी बंद झालेली असायची. बोटीवरच्या माणसाला एस.टी.चं काय ठाऊक? पण सांगायचे मात्र असे, की ऐकणाऱ्याला शंका घ्यायची हिंमत होऊ नये.

“विचारणारा आधीच अर्धा मूर्ख असतो,” ते मला म्हणाले होते. “उरलेला अर्धा उत्तर वाचून होतो. मला सांग पाटबंधारे, जगातल्या कुठल्या बंदरात कुणी मला सरळ रस्ता सांगितला? प्रत्येक जण मला आपल्या मेव्हण्याच्या दुकानात घेऊन गेला. मी निदान कुणाला दुकानात तरी नेत नाही.”

आता दत्तारामच्या घराकडे येतो. दत्ताराम आणि आबांचं भांडण होतं ते मधल्या गडग्यावरून, म्हणजे चिऱ्यांच्या त्या बुटक्या कुंपणावरून. तो पाखाडीकडे वीतभर कुणी सरकवला यावर दोघांनी अर्धं आयुष्य घालवलं. मग दत्ताराम अचानक गेला. आबांनी खांदा दिला, स्मशानात शेवटपर्यंत उभे राहिले, आणि दहावं व्हायच्या आत गडग्याचा निखळलेला चिरा स्वतःच्या हाताने पुन्हा बसवला. अर्थात त्यांच्या हिशेबाने जिथे असायला हवा तिथे. दत्तारामची बायको वत्सलावहिनी खिडकीतून बघत होती. त्या दिवसापासून ती त्यांना नावाने किंवा नात्याने हाक मारेनाशी झाली. ती त्यांना “ते वरचे” म्हणायची, ते तिला “पलीकडची”.

वहिनीच्या पदरात एक मुलगी, सुजाता. तिला मुंबईला नर्सिंगला घातलेलं. दत्तारामची नोकरी खाजगी, मागे काही राहिलं नव्हतं. वहिनीने पडवीच्या दोन खोल्या केल्या, चुना काढला, आणि वर रस्त्याला पाटी लावली: घरगुती राहण्याची व जेवणाची सोय. सगळी वाडी म्हणाली, शाब्बास. आबा म्हणाले, “पाखाडी सामाईक आहे. धर्मशाळा सामाईक नाही.”

कारण खोल्यांपासून पुळणीवर जायचं म्हणजे त्याच पायऱ्यांवरून, आबांच्या खुर्चीच्या अगदी समोरून. माणसं यायची, चिप्सच्या पिशव्या टाकायची, रात्री गाणी म्हणायची, आणि दर तासाला कुणीतरी आबांनाच विचारायचं, “अंकल, बीच किधर है?” समोर समुद्र दिसतोय, कानात गाज घुमतेय, आणि हा विचारतोय बीच किधर! इथे मात्र मी आबांच्या बाजूचा होतो.

सुट्टीत आलेल्या सुजाताने आईच्या खोल्यांची माहिती त्याच साइटवर टाकली. स्वच्छ खोल्या, ताजे मासे, समुद्र दोन मिनिटांवर. तिला काय माहीत तिथे कोण दबा धरून बसलाय! दुसऱ्याच दिवशी खाली हातखंबा हजर.

“खोल्या बऱ्या आहेत. पंखा आहे, वीज नसते. विहिरीच्या काठाला नाग आहे, स्वभावाने गरीब. वाडीतले कुत्रे बाहेरच्यांना चावतात. समुद्र दोन मिनिटांवर आहे, पण ती दोन मिनिटं माझ्या दारातून जातात, आणि मी घरीच असतो. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला पाणी ओढतं, बुडाल. सरळ गोव्याला जा.”

नाग नव्हता. कुत्रे होते, पण ते बाहेरच्यांच्या बिस्किटांवर इतके माजले होते की चावायला उठत नव्हते. आलेली दोन आरक्षणं रद्द झाली. सुजाताने कुठूनतरी शोधून काढलं की हातखंबा म्हणजे आपलेच काका, आणि मुंबईच्या हॉस्टेलमधून तिने उत्तर ठोकलं: “हा माणूस आमचा नातेवाईक आणि वैरी आहे. याचं एकही अक्षर खरं नाही. पाणी अगदी सुरक्षित आहे.”

झालं! शिवलकरांची भाऊबंदकी जगाच्या ओट्यावर आली. गडगा आला, फणसाचं झाड आलं, आजोबांच्या वेळची वाटणी आली. मधेच कलकत्त्याचा कुणी बापडा विचारायचा, “पण खोलीला गरम पाणी आहे का?” साइट चालवणारा मनुष्य केरळातला होता. त्याने हात जोडून लिहिलं, कृपया प्रवासाच्या विषयावरच बोला. आबांनी त्यालाही झापलं, “पाखाडीवरून वाद आहे, आणि पाखाडी जाण्यायेण्यासाठी असते. हा प्रवासाचाच विषय आहे.”

वाडीतली माणसं हे वाचायला मुद्दाम शहरात जायला लागली. कॅफेवाल्याने आमच्यासाठी बाकडं टाकलं. मी घरी येऊन मंगलला सगळं साग्रसंगीत सांगायचो. ती भाकऱ्या थापता थापता म्हणायची, “पूर्वी ही भांडणं नळावर व्हायची, निदान हंडा भरला की संपायची.” आणि मग गंभीर होऊन, “पण त्या वत्सलावयनीचं काय ओ? पोरीचं शेवटचं वर्ष राहिलंय. खोल्या रिकाम्या पडल्या तर पोर परत येईल आणि काजूच्या कारखान्यात बसेल.”

मी एकदा हिंमत करून आबांना तसं बोललो. ते झाकण लावलेला पेला हातात फिरवत राहिले. म्हणाले, “पोरीशी माझं वैर नाही. तिने दुसरीकडे रस्ता काढावा.”

“दुसरीकडे कुठे? त्या बाजूला कडा आहे.”

“मग कड्यावरनं काढावा.”

असा माणूस.

काही वर्षं अशीच गेली. खोल्या कधी भरायच्या, कधी रिकाम्या राहायच्या. वहिनीने काजू सोलले, कोकम विकलं, कसंबसं सुजाताचं शिक्षण ओढून नेलं. सुजाता नर्स होऊन रत्नागिरीतच एका दवाखान्यात लागली. तोवर त्या साइटवरची वर्दळ कमी होत चालली होती. माणसं आता प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत बसत नव्हती. मोबाइलला कॅमेरे आले होते, आपापल्या पानावर फोटो टाकायचे आणि मित्रांनी ते बघून निघायचं, असा काळ आला होता. आबांना ते काही जमलं नाही. ते म्हणायचे, “इथे कुणी काही विचारतच नाही. नुसतेच दात दाखवतात.”

आणि एक दिवस याच दात दाखवणाऱ्यांनी आबांचा घात केला.

मुंबईची चार-पाच पोरं-पोरी वहिनीकडे उतरली होती. त्यातल्या एकीने नेहमीप्रमाणे विचारलं, “अंकल, बीच का रास्ता?” आबांनी काठी उगारून रस्त्याकडे केली आणि शुद्ध मराठीत सांगितलं, “आलात तसे परत जा. हातखंब्याला उजवीकडे वळा. सरळ गोवा. तिथे समुद्राला दार नाही आणि दारात मी नाही.” मुलीने नेमका तेव्हाच फोटो काढला. काठी वर, भुवया वर, हाफपँटची इस्त्री सुरीसारखी. फोटोखाली तिने लिहिलं, “कोकणातला सर्वांत खडूस माणूस. एकदा तरी ओरडून घ्याच.”

तो फोटो कुठल्या कुठे गेला. माझ्या पुतण्याला पुण्यात दिसला, ऑफिसातल्या साहेबांच्या मुलीला नाशकात. आणि माणसं यायला लागली. समुद्रासाठी नाही, आबांसाठी. पाखाडीच्या पायरीवर उभी राहून म्हणायची, “अंकल, ओरडा ना!” आबा ओरडले की टाळ्या. काठी उगारली की सगळे त्यांच्या शेजारी उभे राहून फोटो. वहिनीच्या दोन्ही खोल्या भरून वाहिल्या, तिसरी बांधायला काढली. सुजाताने आपल्या पानावर ऐटीत लिहिलं: “घरगुती जेवण. घरगुती शिव्या. शिव्यांचे वेगळे पैसे नाहीत.”

हे त्यांना कॅफेवाल्याने दाखवलं. मी तिथेच होतो. आबांनी ते दोनदा वाचलं. फडक्याने पडदा पुसला, जणू अक्षरं धुळीची आहेत. मग म्हणाले, “म्हणजे मी पलीकडचीचा वाढपी झालो.”

बोटीवर हसून पोट भरलेल्या माणसावर म्हातारपणी रागावून दुसऱ्याचं पोट भरायची पाळी आली होती. ज्या बाईला उठवायला त्यांनी इतकी वर्षं दोन बोटं झिजवली, तिचं घर त्यांच्याच तोंडावर चाललं होतं. वाडी पोट धरधरून हसली. मीही हसलो, खोटं कशाला सांगू?

त्यानंतर आबांनी तोंड मिटलं. खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. कुणी काही विचारलं तरी हूं की चूं नाही. त्यांच्या पाठीचेही फोटो निघाले.

हे जे आता सांगतो ते त्यानंतरच्या उन्हाळ्यातलं. अमावास्येच्या आसपासचा रविवार होता, आणि अमावास्येची ओहोटी आमच्याकडे दांडगी असते. खाडीचं सगळं पाणी जणू कुणी बूच काढल्यासारखं समुद्राकडे धावतं. मी वहिनीकडे कोकमाचं आगळ आणायला गेलो होतो. ती चुलीपुढे पाहुण्यांसाठी माशांचं कालवण ढवळत होती. पाहुणे म्हणजे कॉलेजातली पोरं. ती पाण्यात गेली होती, नेमकी खाडीच्या तोंडाशी. तिथे पाणी उथळ आणि काचेसारखं स्वच्छ दिसतं, म्हणून अनोळखी माणूस तिथेच उतरतो.

बाहेरून आबांचा आवाज आला. कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता तो आवाज. “अरे मेल्यांनो, बाहेर या! तोंडावर जाऊ नका! बाहेर या!” मी पडवीत येऊन पाहिलं. आबा पाखाडीच्या खालच्या पायरीवर उभे, काठी हवेत. आणि पाण्यातली पोरं खूश! किनाऱ्यावर राहिलेल्याने मोबाइल वर धरला. “बोलला, बोलला! अंकल, और एक बार!” आबा पाण्यात शिरून आणखी जोरात ओरडले. पोरं आणखी जोरात हसली, आणि एक जण मुद्दाम दोन पावलं पुढे गेला.

आबा वळले. पायऱ्या चढून वर आले, गडग्याच्या फटीतून आत शिरले आणि थेट वहिनीच्या स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. दत्तारामला उचललं त्या दिवसानंतर त्या उंबऱ्याच्या आत त्यांचं पाऊल पडलं नव्हतं.

“वत्सला, बाहेर चल. तुझी माणसं तोंडावर गेलीत. पाणी ओढतंय.”

वहिनीने पळी थांबवली नाही. “तुमचं नेहमीचंच आहे ते. वर्षानुवर्षं हेच तर लिहिताय.”

“आज नुसतं लिहिलेलं नाही गो.”

तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, त्या तोंडावर तिचा विश्वास नव्हता. तिने त्यांच्या पायांकडे पाहिलं. आबा अनवाणी होते. चप्पल कुठेतरी पायऱ्यांवर राहिली होती, आणि हाफपँट निथळत होती. वहिनी पळी हातात घेऊन तशीच धावली.

पुढे मी जे ऐकलं ते इथे लिहिता येणार नाही. ज्या बाईने त्या पोरांना सकाळी “बाळा, आणखी एक घे” करत घावणे वाढले होते, ती पुळणीवर उभी राहून त्यांच्या आईपासून आजीपर्यंत सगळ्यांचा उद्धार करत होती. आबांच्या शिव्या त्यापुढे म्हणजे पूजेचे मंत्र. पोरांचं हसूच विझलं. आंटी अशी बोलते म्हणजे काहीतरी भयंकर आहे, हे त्यांना त्या क्षणी कळलं. दोघं मागे फिरले. तिसरा, तो दोन पावलं पुढे गेलेला, फिरायला लागला, पण पाय टिकेनात. बघता बघता तो आडवा झाला आणि ओढला जायला लागला.

होडीजवळ जाळं विणत बसलेल्या दोघा जणांनी दोर घेतला. आबा पाण्याच्या कडेला उभे राहून काठीने दाखवत होते, तिथे नको, त्याच्या पुढे टाका, पुढे! पाणी आणून देईल त्याला! दुसऱ्या फेकीत दोर पोराच्या हाताला लागला. बाहेर काढला तेव्हा तो निळा पडला होता. सुजाता त्या दिवशी घरी होती म्हणून. तिने त्याला पालथा घातला, पाणी काढलं, आणि वर रस्त्यावर मिळेल त्या गाडीत घालून शहरात नेला. वाचला.

संध्याकाळी वहिनी अंगणात उभी राहून सुजाताला म्हणाली, “तुझ्या त्या पानावर लिही. समुद्रात उतरायचं नाही. उतरायचं असेल त्याने इथे येऊ नये.”

“आई, गिऱ्हाईक तुटेल. तिसऱ्या खोलीचं कर्ज आहे.”

“तुटू दे. लिही म्हटलं ना?”

गडग्यापलीकडून आबा म्हणाले, “हे आधी लिहायचं होतं.”

वहिनी वळली. स्वयंपाकघरातले ते दोन शब्द सोडले, तर इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी समोरासमोर पहिल्यांदाच बोलत होती. “आधी तुम्ही खरं लिहायचं होतं! नाग लिहिलात, कुत्रे लिहिलेत, वीज नाही लिहिलंत. त्या सगळ्या खोट्यात हे एक खरं टाकलंत, ते कुणी आणि कसं ओळखायचं? माझ्या पोरीने पाणी सुरक्षित आहे म्हणून लिहिलं ते तुमच्यामुळे. आज तो पोर गेला असता तर दोघांच्या डोक्यावर बसला असता, तुमच्या आणि माझ्या!”

मला वाटलं, आबा आता काहीतरी जहरी बोलणार. ते उभे राहिले, काठी या हातातून त्या हातात घेतली, आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

पोरांनी जे चित्रण केलं होतं ते नंतर त्यांनी टाकलंच. त्यात आबा काठी उगारून ओरडताहेत, आणि मागे हसण्याचा आवाज आहे. पुढचं त्यात नाही. खाली शेकडो माणसांनी लिहिलेलं होतं, कसला भारी म्हातारा आहे.

माझी त्यानंतर राजापूरला बदली झाली, शनिवार-रविवार घरी यायचो. वहिनीच्या खोल्या खरंच ओस पडत चालल्या होत्या, तिसरी अर्धवटच राहिली. कर्ज सुजाताच्या पगारातून फिटत होतं. आबांची शहरातली फेरी बंद झाली. ते दोघं त्या संध्याकाळनंतर एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत, असं मंगल सांगायची.

पुढच्या मे महिन्यातल्या एका शनिवारी मी एस.टी.तून उतरलो आणि वाट वाकडी करून पाखाडीवरून खाली आलो. दुपार कलत होती, ओहोटी लागली होती. पाखाडीच्या तळाशी, जिथे पायऱ्या संपून पुळण सुरू होते, तिथे एका अंगाला आबा उभे होते आणि दुसऱ्या अंगाला वत्सलावहिनी. आबांची नजर उत्तरेला, वहिनीची दक्षिणेला. मध्ये पायरीएवढी जागा. टॉवेल गळ्यात घातलेली काही पाहुणेमंडळी वरून उतरत आली, त्यांनी एकदा या तोंडाकडे पाहिलं, एकदा त्या तोंडाकडे, आणि कुणी काही न सांगता वाळूत जिथल्या तिथे बसली. पाण्याकडे एकही गेला नाही. आबांनी मला पाहिलं. “काम काय?” एवढंच म्हणाले आणि पुन्हा उत्तरेकडे बघायला लागले. मी त्यांना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. पावसाळा लागता लागता ते झोपेत गेले.

त्या दिवशी मी घरी येऊन पिशवी टेकवली आणि मोठ्या आनंदाने मंगलला म्हणालो, “शिवलकरांचं मिटलं वाटतं गो. दोघं शेजारी शेजारी उभी आहेत.”

“मिटलंय कसलं! ओहोटी लागली की रोज उभी राहतात. आधी घरात जाईल तो हरला, म्हणून दोघंही हलत नाहीत.” तिने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. “आणि मिटूही नये ओ. मिटलं, तर दोघंही घरात जाऊन बसतील.”